सिरोंचा : दगड झालेल्या झाडांच्या गावी

आलापल्लीहून गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा शंभरेक किलोमीटर, पण अंतरावर जाऊ नका. आम्ही डिसेंबरात गेलो तरी या टप्प्याने साडेतीन तास खाल्ले. पावसाळ्यात इकडे फिरकूच नये. पेट्रोल आलापल्लीलाच भरा, रोख पैसे जवळ असू द्या आणि ओळखपत्र वरच ठेवा, नाक्यावर विचारतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वडधमचं जीवाश्म उद्यान गाठलं. निघण्याआधी सिरोंच्यात वनविभागाकडे चौकशी करा आणि माहितगार माणूस सोबत घ्याच. नाहीतर दिसतात ते नुसते दगड. मी स्वतः दोन ओंडके ओलांडून पुढे गेले होते. वनरक्षक मागून म्हणाले, "ताई, हळू पाय टाका, खालीपण झाड आहे." त्यांनी बाटलीतलं थोडं पाणी एका तुटक्या टोकावर ओतलं. कोरड्या, मळकट दगडावर एकेक वर्तुळ उमटत गेलं. बाजूला फांदी फुटली होती तिथली गाठही दिसली. बोट फिरवलं तर सालीच्या रेघा लागतात, स्पर्श मात्र थंडगार दगडाचा. नदीच्या गाळात गाडलेल्या लाकडात पाण्याबरोबर सिलिका झिरपत गेली आणि झाडाचा आकार तसाच ठेवून दगड झाला. मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले.

लोक डायनासोर बघायचा म्हणून येतात. बारापासॉरस याच तालुक्यातल्या पोचमपल्लीचा. १९६१ साली खोदकाम झालं, ते रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून पुढे १९७५ मध्ये नाव ठेवलं 'बारापासॉरस टागोराय'. बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय. मांडीचं हाड सुमारे १.७ मीटर, माझ्याहून उंच! पण तो सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. इथे यावं ते झाडांसाठी. ती अजून याच मातीत आहेत.

माझ्या लेकाने एक चपटा तुकडा खिशात घातला होता. वनरक्षक रागावले नाहीत. "कुठून उचललास?" एवढंच विचारलं, आणि दोघं जाऊन तो तिथेच ठेवून आले. मुलांना आधीच सांगून आणा.

गावासाठी अर्धा दिवस पुरतो. इंग्रजांच्या काळात सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय होतं. १८७४ ला तो जिल्हा मोडला आणि हा भाग चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जोडला. बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. पाण्याला 'नीळ्ळू' म्हणायला शिकून घ्या, चहावाल्या मावशी खुलतात. जेवण तिखट असतं, मुलांसाठी आधी सांगावं लागतं.

संध्याकाळ प्राणहिता नदीसाठी राखा. गोदावरीवरच्या पुलापलीकडे तेलंगणातलं कालेश्वरम आहे. तिथल्या देवळात एकाच शाळुंकेवर दोन शिवलिंगं आहेत. आम्ही ते परतीच्या सकाळी केलं, आणि ऊन चढायच्या आत आलापल्लीच्या वाटेला लागलो.