टेबलावर वळणारी होडी

नववीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही तिघांनी केलेली, आर्डुइनोवर (प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर) चालणारी होडी टेबलावर अगदी शहाण्यासारखी वागत असे. पाण्यात सोडली की मात्र वळायचे विसरून सरळ हौदाच्या भिंतीवर आपटत असे.

सनबोर्ड कापण्यापूर्वी सरांनी आम्हाला वहीत गणित मांडायला लावले होते. सपाट तळ ४० सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे दर सेंटिमीटर बुडण्यामागे ४८० ग्रॅम पाणी बाजूला सरणार. सामानासकट होडीचे वजन ९६० ग्रॅम भरले, तेव्हा ती दोन सेंटिमीटर बुडायला हवी होती आणि तेवढीच बुडाली. पंख्याचा दांडा जिथून बाहेर येई, त्या नळीत ग्रीस भरल्याने पाणीही आत आले नाही.

प्रोग्राम साधा होता: पाच सेकंद सरळ जायचे, मग डावी मोटर दोन सेकंद उलटी फिरवून वळायचे. आठवडाभर आम्ही त्याच्या ओळी पुन्हा पुन्हा तपासल्या आणि (आज कबूल करायला हरकत नाही) एकमेकांवर खापरही फोडले. शेवटी सरांनी होडी पाण्यातच हाताने धरून ठेवायला सांगितली. मोटर उलटी फिरायच्या क्षणी आर्डुइनोवरचा बारीक दिवा लुकलुकला, जसा तो नुकता चालू केल्यावर लुकलुकतो. प्रोग्राम चुकत नव्हता, दर वेळी पहिल्यापासून सुरू होत होता!

चार पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टवर आम्ही दोन्ही मोटरी आणि आर्डुइनो चालवत होतो, आणि आर्डुइनोच्या ज्या पिनला ही वीज दिली होती, तिला तर किमान ७ व्होल्ट द्यावेत अशी शिफारस असते. हवेत मोकळ्या फिरणाऱ्या मोटरीला करंट थोडाच लागतो. पाण्याचा भार असताना ती एकदम उलटी फिरवली की करंट उसळतो आणि व्होल्टेज कोसळते. आर्डुइनोला ९ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी दिली, दोन्ही बॅटऱ्यांचे ग्राउंड (ऋण टोके) एकमेकांना जोडले, मोटर उलटी करण्याआधी अर्धा सेकंद थांबा घातला, आणि होडी वळली.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही हौसेने नवे सेल घातले. त्या जोरावर दोन सेकंदांत ती गरजेपेक्षा बरीच जास्त वळली आणि पाहुण्यांसमोर बाजूच्या भिंतीला धडकली. सरांनी ती उचलली, नळीतले ग्रीस बोटाने चाचपले आणि विचारले, “जुने सेल कुठे आहेत?”