माराकाइबोच्या विजा, पुण्यातल्या लॅपटॉपवर

उपग्रहाच्या डेटावरून विजांचा नकाशा करायचाच, तर जिथे सगळ्यात जास्त चमकतात तिथलाच करू, म्हणून व्हेनेझुएलातलं माराकाइबो सरोवर घेतलं. आपल्याकडचं आकाश घेता आलंच नसतं. डेटा अमेरिकेच्या गोज-16 या हवामान उपग्रहाचा, आणि त्याला भारत दिसतच नाही. विजांचा इशारा देणाऱ्या आपल्या 'दामिनी' ॲपमागे आहे ते जमिनीवरच्या सेन्सरचं जाळं.

डेटा फुकट, लॉगिनसुद्धा लागत नाही. पण दर 20 सेकंदांना एक फाइल, म्हणजे दिवसाला 4320! सरोवरावर विजांचा जोर मध्यरात्रीनंतर असतो आणि तिथलं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे फाइलींवर असते त्या जागतिक प्रमाणवेळेच्या, 4 तास मागे. म्हणून एका रात्रीच्या यूटीसी 4 ते 9 एवढ्याच फाइली उतरवल्या. त्याही 900 भरल्या.

उपग्रहावरचा कॅमेरा सेकंदाला 500 फ्रेम घेतो, तेही विजेने तापलेल्या ऑक्सिजनच्या 777.4 नॅनोमीटरच्या प्रकाशात. एखादा पिक्सेल पार्श्वभूमीपेक्षा अचानक उजळला की तो 'इव्हेंट'. एकाच फ्रेममधले लागून असलेले इव्हेंट म्हणजे 'ग्रुप', आणि वेळेने-अंतराने जवळ असलेले ग्रुप मिळून 'फ्लॅश', म्हणजे आपण जिला एक वीज म्हणतो ती.

इव्हेंटचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये 16 बिटांच्या बिनचिन्ही (ज्यात उणे आकडा नसतोच अशा) पूर्णांकात दाबून ठेवलेले असतात. पायथनच्या जुन्या लायब्ररीला ते 'बिनचिन्ही' उमगत नाही आणि ठिपके भलतीकडेच जाऊन पडतात. लायब्ररी अपडेट केली, विषय संपला.

खरा वेळ गेला तो पुढे. प्रत्येक फ्लॅशच्या केंद्रावर ठिपका दिला की नकाशा झटपट होतो, दिसतोही छान. पण मला तो पटेना. ऑक्टोबर 2017 मध्ये याच उपग्रहाने टेक्सासपासून कॅन्सस सिटीपर्यंत पसरलेली 829 किलोमीटरची वीज टिपली होती. ठिपक्यांच्या नकाशात तीही एक टिंबच! मग फाइलमधली वंशावळ धरली. इव्हेंटवर त्याच्या ग्रुपचा नंबर असतो, ग्रुपवर फ्लॅशचा. त्यावरून प्रत्येक विजेने नकाशावरचे कोणकोणते चौकोन उजळवले ते काढलं आणि दर चौकोनातून किती विजा गेल्या ते मोजलं. आता कुठे सरोवरावरचं वादळ ढगासारखं पसरलेलं दिसायला लागलं.

नकाशा मित्राला दाखवला, तर त्याचा पहिला प्रश्न, "यातल्या पडल्या किती?" ते यावरून सांगता येत नाही. उपग्रहाला दिसतो तो ढगाच्या माथ्यावरचा उजेड. वीज ढगातच राहिली की जमिनीवर उतरली, ते जमिनीवरच्या सेन्सरनाच विचारावं लागतं. आता दिवसाचे तास घेतलेत. उन्हात ढग आधीच लख्ख, त्यामुळे फिकट विजा निसटतात, आणि पाण्यावरून उसळलेलं ऊन कधी कधी वीज म्हणून नोंदलं जातं. सध्या तेच निवडत बसलोय.