मूळ पत्र कुठाय?

टूर मॅनेजरनं पाहुण्याचा हिरमोड करायचा नसतो. त्या दिवशी मला तो करावा लागला.

शिकागोहून सेंट लुईसला जाताना आमची बस स्प्रिंगफील्डला थांबली होती. वकिली करत असताना लिंकननं 1844 मध्ये घेतलेलं ते तपकिरी घर. रेंजरबाई इंग्रजीत सांगत होत्या, मागून मी मराठीत. गटातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी हळूच विचारलं, "ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र कुठं ठेवलंय हो? मूळ प्रत?"

शाळेच्या जिन्यात त्यांनी ते ऑइलपेंटनं लिहून घेतलं होतं. दर निरोप समारंभाला वाचायचे.

आधी मी "बघू पुढे" म्हणून टाळलं. पण सर खोलीखोलीत मान उंचावून शोधायला लागले. शेवटी अंगणात सांगून टाकलं, "सर, ते लिंकनचं असल्याचा काही पुरावा नाही. त्याच्या संकलित लेखनात ते नाही."

सर गप्प. मग मीच बडबडत सुटलो. लिंकन स्वतः सगळं मिळून वर्षभरही शाळेत गेला नव्हता. पोरांना शिस्त लावण्याच्या नावानं तर आनंदच. रविवारी विली आणि टॅड त्याच्या वकिलीच्या ऑफिसात यायचे. कपाटातली पुस्तकं खाली, कागद जमिनीभर. बाप ढिम्म. भागीदार हर्नडनला मात्र दोघांच्या माना मुरगळाव्याशा वाटायच्या. अर्थात, अशिलांचे कागद स्वतःच्या उंच टोपीत घालून फिरणारा माणूस पोरांना काय बोलणार?

सर हसले नाहीत.

बसमध्ये मोबाइलवर त्यांना खरं पत्र काढून दिलं. 22 जुलै 1860, याच गावातून लिहिलेलं. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. थोरल्या रॉबर्टच्या पत्रातून कळलं होतं, की त्याचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेशात नापास झाला. निवडणुकीच्या धामधुमीत लिंकननं त्या पोराला लिहिलं, की याहून जास्त दुःख मला क्वचितच झालं असेल. पण हरायचं नाही असं पक्कं ठरवलंस, तर तू हरूच शकत नाहीस.

सरांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"मग मिळाला का प्रवेश?"

"हार्वर्डला नाही. येलला गेला."

त्यांनी वहीत 'येल' लिहून घेतलं. बराच वेळ खिडकीबाहेरचा मका बघत राहिले. मग म्हणाले, "जिन्यातलं आता कोण पुसतंय! फक्त खालचं नाव तेवढं..." आणि सीटबेल्ट शोधायला लागले.