रिकामं लेबल जाता जाईना

राजगड ट्रेकची नावनोंदणी या वेळी वेबसाइटवरून घ्यायची ठरली आणि 'तुला कॉम्प्युटरचं कळतं' म्हणून फॉर्म माझ्या गळ्यात पडला. आमची साइट वर्डप्रेसवर चालते, तिथे 'काँटॅक्ट फॉर्म ७' हे फॉर्म बनवायचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) बसवलं. नाव, मोबाइल, पिकअप स्वारगेट की कात्रज, रक्तगट, काही आजार, चालू औषधं, घरच्यांचा नंबर. एका संध्याकाळचं काम.

लीडरला सगळी माहिती हवी. भरणाऱ्याला पोच म्हणून जाणाऱ्या मेलमध्ये नाव, तारीख, पिकअप एवढंच पुरे. तेही जमलं. मेलच्या टॅबमध्ये ज्या रकान्याचा टॅग, म्हणजे प्लगइनला कळणारं त्याचं नाव, चौकोनी कंसात लिहाल, त्यातलाच मजकूर मेलमध्ये उमटतो. तिथेच खाली 'मेल (२)' चालू केलं की पोचेचा मजकूर वेगळा लिहिता येतो. टॅगचं नाव रोमन अक्षरांतच लागतं, लेबल, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारं शीर्षक, खुशाल मराठीत ठेवा. स्पेलिंग चुकलं तर टॅग कंसासकट जसाच्या तसा मेलमध्ये छापून येतो, हे मी करून पाहिलेलं आहे.

मग लीडरदादांचा फोन आला. "अरे, प्रत्येक मेलमध्ये 'आजार', 'औषधं' आणि पुढे काहीच नाही. ज्याला खरंच दमा आहे तो यात शोधायचा कसा?"

मुद्दा बिनतोड. मेलच्या मजकुराखाली एक टिकची चौकट असते: रिकाम्या टॅगच्या ओळी वगळा. टिक केली, सेव्ह केलं, स्वतःच फॉर्म भरला. 'आजार' जागच्या जागी. पुन्हा टिक काढून लावली. कॅशे साफ केला. प्लगइन काढून परत टाकलं. हॉस्टिंगवाल्यांकडे तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'आपले मेल व्यवस्थित जात आहेत.' मेल जातायत हे मला माहीत होतं हो, तेच तर दुखणं होतं! तोवर माझ्याच इनबॉक्समध्ये माझ्याच नावाचे तीसेक ट्रेकर जमले होते.

तिसऱ्या रात्री दिसलं. मेल नेटका दिसावा म्हणून मी लेबल एका ओळीवर आणि टॅग खालच्या ओळीवर लिहिला होता. प्लगइन ओळ बघतं, अर्थ बघत नाही. ज्या ओळीत टॅग आहेत आणि ते सगळेच रिकामे आहेत, तेवढीच ओळ उडते. माझ्या लेबलच्या ओळीत टॅगच नव्हता, म्हणून ती सुरक्षित. लेबल आणि टॅग एका ओळीत आणले, 'औषधं' गायब. 'आजार' तरीही हटेना, कारण त्याला मी रक्तगटाच्या ओळीत शेजारी बसवलं, आणि रक्तगट तर भरावाच लागतो. एका ओळीत एकच टॅग ठेवा, बास. आणि चाचणी घेताना फॉर्म अर्धवट भरून बघा. लीडरदादांचा फोन येण्याआधी मी सगळे रकाने भरूनच तपासत होतो.

हो, मेलच्या 'फ्रॉम'मध्ये आपल्याच डोमेनचा, म्हणजे आपल्या साइटच्या नावाचा पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा 'रिप्लाय-टू'मध्ये.

आणखी एक, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. हे प्लगइन भरलेली माहिती स्वतः साठवत नाही, त्यासाठी 'फ्लेमिंगो' हे दुसरं प्लगइन वेगळं बसवावं लागतं. साफसफाईच्या भरात मी 'घरच्यांचा नंबर' हा टॅगही मेलमधून उडवला होता. मेलमध्ये नाही म्हणजे कुठेच नाही. अकरा जणांना फोन करून नंबर परत मागितले. "काल फॉर्ममध्ये भरला होता की," प्रत्येकाचं हेच. "खात्री करतोय," मी म्हणत राहिलो.