बर्फाच्या तळाचा तपकिरी रंग

समुद्राचे पाणी गोठते तेव्हा त्यातले मीठ कुठे जाते, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. म्हणून एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण समुद्राइतके, आणि खाण्याच्या निळ्या रंगाचे चार थेंब मिसळून मी भांडे फ्रीजरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी निघालेला बर्फ नेहमीसारखा काचेसारखा नव्हता. तो दुधी आणि ठिसूळ होता. भिंगातून पाहिले, तर निळा रंग सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता, बारीक रेघांमध्ये साचला होता. सुरीचे टोक दाबल्यावर त्या रेघांतून निळे पाणी पाझरले. त्याचा थेंब जिभेवर ठेवला, तर मूळ पाण्यापेक्षा तो कितीतरी खारट लागला.

ध्रुवीय समुद्रांत नेमके हेच घडते. समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सियसला गोठू लागते. बर्फाच्या स्फटिकाच्या रचनेत मिठाला जागा नसल्यामुळे ते बाहेर ढकलले जाते आणि स्फटिकांच्या फटींत तीव्र खाऱ्या पाण्याच्या रूपाने अडकून राहते. या फटींच्या नळ्या होतात. काही केसाहून बारीक, तर काही बोटाएवढ्या रुंद. थंडी वाढली की नळ्या आक्रसतात आणि आतले पाणी अधिक खारट होत जाते. उणे १० अंशांना ते समुद्राच्या जवळजवळ चौपट खारे असते. याच नळ्यांमध्ये डायटम, जीवाणू, विषाणू आणि त्यांच्यावर जगणारे एकपेशीय प्राणी राहतात.

डायटमला मराठीत करंडक वनस्पती म्हणतात आणि हे नाव मला फार नेमके वाटते. सिलिकाच्या दोन झडपा, त्यातली एक दुसरीवर करंड्याच्या झाकणासारखी घट्ट बसलेली, आणि आत एकच जिवंत पेशी. बर्फ आकार घेत असताना वर चढणारे स्फटिक या पेशींना पाण्यातून उचलून घेतात, आणि हिवाळ्याचा अंधार संपला की त्या वाढू लागतात. वसंतात बर्फाला भोक पाडून त्याचा दंडगोल बाहेर काढला, तर वरचा बराचसा भाग पांढरा असतो आणि समुद्राला टेकलेले शेवटचे काही सेंटिमीटर तपकिरी. डायटममध्ये हरितद्रव्याच्या जोडीला फ्युकोझँथिन नावाचे रंगद्रव्य असते, त्याचा हा रंग. बर्फातून खाली झिरपणाऱ्या प्रकाशात निळा-हिरवा भागच प्रामुख्याने उरतो, आणि फ्युकोझँथिन नेमका तोच टिपते.

हा रंग फार पूर्वी पाहिला गेला होता. जेम्स क्लार्क रॉस यांच्या १८३९ ते १८४३ या काळातील अंटार्क्टिक मोहिमेत तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी बर्फाला आलेली तपकिरी छटा डायटममुळे आहे, हे ओळखले होते.

या पेशी बर्फात नुसत्या तग धरतात असे म्हणणे मला अपुरे वाटते, कारण त्या तिथे उत्तम वाढतात. त्या सोडत असलेली काही प्रथिने बर्फाच्या स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखतात, आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत स्राव नळी पूर्ण गोठू देत नाही. तळाशी असण्याचा आणखी एक लाभ म्हणजे खालच्या समुद्रातून नायट्रेट आणि सिलिका सतत मिळत राहते.

खालच्या पाण्याबद्दल मात्र आपला समज बराच काळ चुकीचा होता. बर्फाचे आवरण असेपर्यंत पाण्यातल्या वनस्पतिप्लवकाला, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, पुरेसा प्रकाश मिळत नाही, त्यामुळे बर्फ वितळल्यावरच त्याचा बहर येतो, असे मानले जाई. आणि उपग्रहांना बर्फाखालचे दिसत नसल्याने हा समज तपासलाही जात नव्हता. २०११ च्या उन्हाळ्यात अलास्का आणि सायबेरिया यांच्यामधल्या चुकची समुद्रात ०.८ ते १.३ मीटर जाडीच्या बर्फाखाली, त्याच्या कडेपासून आत शंभराहून अधिक किलोमीटरपर्यंत, डायटमचा दाट बहर सापडला. बर्फावर साचलेल्या वितळपाण्याच्या तळ्यांनी खिडक्यांसारखा प्रकाश आत सोडला होता.

बर्फ पातळ होतो आहे, तर प्रकाश वाढून हे जीवन फोफावेलच, असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही, कारण इथे वेळ फार महत्त्वाची आहे. कॅलॅनस ग्लेशियालिस हा इवलासा कोपेपॉड, म्हणजे कोळंबीसारखा कवचधारी जीव, आधी बर्फातले शेवाळ खाऊन अंडी घालतो, आणि त्याची पिल्ले मोठी होईपर्यंत पाण्यातला बहर तयार व्हावा लागतो. बर्फ लवकर फुटला, तर दोन बहरांमधले अंतर कमी होते आणि पिल्लांच्या वाट्याचे अन्न ती खाऊ लागण्यापूर्वीच सरते. या कोपेपॉडच्या अंगातल्या चरबीवर ध्रुवीय कॉड मासा पोसतो आणि त्या कॉडवर सील.

मेलोसिरा आर्क्टिका हा डायटम बर्फाच्या तळाला धरून लांबलचक दोऱ्यांच्या झुपक्यांसारखा पाण्यात लोंबतो. २०१२ मध्ये आर्क्टिकचा बर्फ विक्रमी प्रमाणात वितळला, तेव्हा जर्मनीच्या पोलारस्टर्न जहाजावरील संशोधकांना मध्य आर्क्टिकमध्ये सुमारे ४,००० मीटर खोल तळावर या झुपक्यांचे ढीग पडलेले आढळले, आणि त्यांवर समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीच्या आकाराचे सागरी प्राणी, चरत होत्या.