वंशावळ

रविवार, रात्री साडेअकरा

'ही नेम्ड मी मलाला' अखेर पाहिला. डेव्हिस गुगनहाइमचा माहितीपट, २०१५ चा. इतकी वर्षं 'बघू कधीतरी'मध्ये पडून होता. गोष्ट पाठच आहे म्हणा: ९ ऑक्टोबर २०१२, पाकिस्तानातल्या स्वातमधली शाळेची गाडी, तालिबानची गोळी, बर्मिंगहॅमचं इस्पितळ, मग २०१४ चं नोबेल, आपल्या कैलाश सत्यार्थींबरोबर. नवीन काय दिसणार म्हणून कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. निम्म्या तशाच राहिल्या.

सुरुवात रंगवलेल्या चित्रांनी होते. १८८० ची मैवंदची लढाई, समोर इंग्रज, पाय मागे घेणारे अफगाण आणि त्यांना पुन्हा उभं करणारी मलालाई. ती तिथेच मारली जाते. अशा मुलीचं नाव झियाउद्दीननं आपल्या लेकीला ठेवलं! मला जरा रागच आला. मलाला मात्र ठासून सांगते की वडिलांनी फक्त नाव दिलं, हे आयुष्य माझं मी निवडलं. आणि गंमत म्हणजे पहिल्यांदा जगानं तिला वाचलं ते या नावानं नाहीच. जानेवारी २००९ मध्ये, तालिबानच्या फतव्यानं मुलींच्या शाळा बंद पडत असताना, ही अकरा वर्षांची पोर बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहीत होती, 'गुल मकई' म्हणून. मी इथे डाळीच्या भावापासून सगळं स्वतःच्या नावानं लिहिते.

घरातली दृश्यं झकास आहेत. भावांशी मारामारी, फेडररचा फोटो बघून लाजणं. पण सोसलेल्या त्रासाविषयी विचारलं की ती हसून विषय टाळते. दिग्दर्शक ते बोलूनही दाखवतो, तरी ती दाद देत नाही. आई, तूर पेकाई, फार थोडी दिसते. मला तिच्याबद्दल जास्त ऐकायचं होतं.

मी अडकले ती वंशावळीपाशी. तीनशे वर्षांचा कागद, सगळी पुरुषांची नावं. झियाउद्दीन स्वतःच्या नावापासून एक रेघ ओढतो आणि लिहितो, मलाला.

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. चुलतभावानं गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर फॉर्म टाकला होता, तो आज पुन्हा उघडला. 'पुत्रांची नावे' याला सहा ओळी. खाली 'कन्या' आणि पुढे चौकट, संख्या लिहायला.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, माझंच कुठे धड आहे त्यात? लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेच छापलंय. कुसुम म्हणणारा आता एक तुझा मामाच उरलाय." मग लगेच, "फॉर्म भरून टाक बाई, दादा खोळंबलाय."

भरला. चौकटीत 'एक' लिहून शेजारच्या कोऱ्या जागेत मुलीचं पूर्ण नाव, जन्मवर्ष आणि शाळा कोंबली. आईच्या नावापुढे कंसात कुसुम. फोटो काढून पाठवला.

दादाचा अंगठा आलाय. पोहोचलं म्हणून की छापतो म्हणून, ते उद्या विचारेन. घड्याही उद्याच.