रामदास बोटीच्या मागावर: नागपूर ते रेवस

आम्हा नागपूरकरांचे पाणी अंबाझरी आणि फुटाळा या तलावांपाशी संपते, त्यामुळे माझ्या सासूबाई आषाढ अमावस्येला पुरण का शिजवत नाहीत हे कळायला मला लग्नानंतर बरीच वर्षे लागली. विदर्भात ही अवस जिवतीची. बडकस चौकातून जिवतीचा छापील कागद आणायचा, देवघराच्या भिंतीवर चिकटवायचा आणि लेकराबाळांच्या आयुष्यासाठी तिची पूजा करून पुरणाचा नैवेद्य दाखवायचा. सासूबाईंचे माहेर अलिबाग तालुक्यातले. त्या कागद चिकटवतात, पूजाही मनापासून करतात, पण नैवेद्य वाटीभर दूध-साखरेचा असतो आणि त्या दिवशी त्या स्वतः जेवत नाहीत. २०२३ मध्ये कालनिर्णयाचे पान उलटताना त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "तारीखसुद्धा तीच आली बघ गं. सतरा जुलै."

१७ जुलै १९४७, गुरुवार. त्या वर्षीही २०२३ प्रमाणे दुसऱ्याच दिवशी अधिक श्रावण लागणार होता, आणि गिरणीत कामाला असलेला सासूबाईंचा मामा अवसेसाठी घरी यायला निघाला होता. त्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. "मामा भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसला, एवढंच आम्हाला कळलं," इतकेच त्या सांगतात आणि विषय बदलतात. बोट होती 'रामदास', मुंबईहून अलिबागजवळच्या रेवस बंदराला निघालेली आणि वाटेतच बुडालेली.

तेव्हापासून मला या बोटीचा नाद लागला, असे आमचे हे म्हणतात, आणि त्यात खोटे काही नाही. आधी गावातल्याच एका जुन्या ग्रंथालयात गेले. १९४७ च्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे मिळतील असे सांगितले होते. तीन खेपा घातल्यावर जुलैचा गठ्ठा निघाला, तो निम्मा वाळवीने खाल्लेला, आणि उरलेल्या पानांना हात लावायचा तर आधी अर्ज द्या म्हणाले. खरे तर पाने धड असती तरी फार काही हाती लागले असते की नाही, कोण जाणे. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यावर इंग्लंडच्या राजाची मोहोर उमटली. देशाचे दोन तुकडे होण्याच्या त्या धामधुमीत रेवसच्या बोटीची आठवण कोण किती दिवस ठेवणार होते?

बोटीची कुंडली मात्र हळूहळू जुळत गेली. १९३६ मध्ये ती इंग्लंडात, टाइन नदीकाठच्या स्वान हंटर कंपनीने बांधली. वजन ४०६ टन, लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट. 'क्वीन एलिझाबेथ' बांधणाऱ्यांनीच रामदास बांधली, असे वाक्य एका लेखात वाचून मी चारचौघांत सांगितलेही होते. ते चूक आहे. ती राजेशाही बोट जॉन ब्राउन कंपनीने क्लाइड नदीवर बांधली. स्वान हंटरच्या नावावर आहे ती 'कार्पाथिया', १९१२ मध्ये टायटॅनिकची वाचलेली माणसे जीवनौकांतून उचलणारी. आमच्या रामदासच्या मदतीला मुंबईहून वेळेत कोणीच आले नाही, कारण बुडाल्याचे कळवायला तिच्यावर बिनतारी यंत्रच नव्हते. सकाळी आठला निघालेली बोट वाटेतल्या समुद्रात, काशाच्या खडकाजवळ अर्ध्या-पाऊण तासात उलटली, आणि मुंबईला ते कळले संध्याकाळच्या सुमारास, एक कोवळा पोरगा पोहत किनाऱ्याला लागला तेव्हा. सहाशेहून अधिक माणसे गेली.

ती चालवणारी कंपनी स्वदेशी होती. लोक तिला आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटींना संतांची, देवादिकांची नावे दिलेली असत. 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या होत्या. सासूबाईंना हे मी सांगितलेले नाही.

जानेवारीत मी एकटीच निघाले. रेल्वेच्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या पाट्यांतून वाट काढत खिडकी गाठली आणि रेवसचे तिकीट मागितले, तर खिडकीतल्या गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळून "रो-रोने जा की, एसी आहे," असा सल्ला दिला. रो-रो म्हणजे गाड्याही वाहून नेणारी मोठी बोट. मी लाँचच घेतली. लाकडी बाकडी, डिझेलचा वास, आणि डोक्यावरच्या फळीवर नारिंगी लाइफ जॅकेटांची चळत, जिला सुतळीच्या इतक्या गाठी मारलेल्या होत्या की मी सवयीने त्या मोजल्या. नऊ होत्या.

लाँच सुटून दहा-पंधरा मिनिटे झाली असतील, तोच मागून सीगल आले. एका मुलाने शेव-गाठ्यांची पुडी फोडून एक गाठी हवेत उडवली, पक्ष्याने ती वरच्यावर टिपली, आणि पुढच्या क्षणी सगळी लाँच डाव्या अंगाला धावली. बाया, पोरे, मोबाइल धरलेले हात, सगळेच. कोणाचेही काही चुकले नव्हते, आणि म्हणूनच मला ते विसरता येत नाही. माझ्या पायाखालची फळी हलकेच तिरकी झाली. बाकड्याखाली ठेवलेली माझी पाण्याची बाटली घरंगळत निघाली, एका आजींच्या चपलेला अडून क्षणभर थांबली आणि पुन्हा घरंगळली. उजव्या बाजूच्या कठड्यापलीकडे मघापर्यंत पाणी दिसत होते, तिथे आता नुसते आभाळ होते. तेवढ्यात खलाशी ओरडला, "एका अंगाला नका जाऊ! मदी बसा, मदी!" लोक हसत हसत परतले आणि लाँच पुन्हा सरळ झाली. हे सारे जेमतेम अर्ध्या मिनिटात आटोपले असेल.

रामदासविषयी मी वाचले होते ते हेच: पाऊस आत येऊ नये म्हणून बाजूंना ताडपत्र्या बांधलेल्या होत्या, एका अंगाने लाट आत आली, आणि भिजलेली, घाबरलेली माणसे दुसऱ्या अंगाला धावली. कागदावर ते वाचताना मला त्या माणसांचा थोडा रागच आला होता. जागेवर बसवत नव्हते का, असे वाटले होते. त्या दिवशी जानेवारीचे ऊन होते, पाणी हलतही नव्हते आणि लोक धावले ते गाठ्या खाणारे पक्षी बघायला. तरीही माझे दोन्ही हात बाकड्याच्या कडेला घट्ट धरलेले होते आणि रेवस येईपर्यंत ते मला सोडवले नाहीत. जॅकेटच्या गाठींबद्दल खलाशाला विचारायचे मी ठरवले होते, पण विचारले नाही.

रेवसच्या धक्क्यावर करंजाच्या डोंगराकडे तोंड करून मी चहा प्यायले. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी त्या सकाळी होड्यांतली मासळी समुद्रात फेकून तिच्या जागी माणसे घेतली, असे सांगतात. टपरीवाल्याला त्याबद्दल विचारले, तेव्हा त्याने समोरच्या गाळाकडे बोट दाखवून ओहोटीला लाँच लागत नाही याचीच तक्रार केली, आणि ती रास्तही होती.

परतीचे लाँचचे तिकीट पर्समध्ये होते. ते तसेच ठेवून मी अलिबागला गेले आणि तिथून पेण-पनवेलमार्गे एसटीने मुंबईला परतले. वडखळच्या नाक्यावर गाडी दीड तास कोंडीत अडकली, कंबर मोडून निघाली, शेजारच्या काकांनी वाहतूक खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी मात्र एरवी सिग्नलवर दोन मिनिटे थांबतानाही कुरकुरणारी, त्या दीड तासात तोंडातून शब्द काढला नाही.